खेळणाऱ्या मुलांचं एसीएल तुटू नये म्हणून नक्की काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे की मुलगी १४ वर्षांची आहे, बास्केटबॉल खेळते, गेल्या सीझनला तिच्याच टीममधल्या दोन मुलींचं एसीएल (गुडघ्याच्या आतलं, हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारं एक लिगामेंट) गेलं, एकीचं ऑपरेशन पण झालं, आणि आता आईने धास्ती घेतलीये. त्या विचारतायत की आत्तापासूनच नीकॅप घालायला लावू का, कुठली टेस्ट करून हिला धोका आहे की नाही ते कळतं का, की सरळ खेळच बंद करू.

ताई, तिन्हीची उत्तरं आधीच देऊन टाकतो, म्हणजे ज्यांना पुढचं सगळं वाचायचा कंटाळा आहे त्यांचं काम होऊन जाईल. नीकॅपने लिगामेंट वाचत नाही. भरवसा ठेवावा अशी टेस्ट नाही. खेळ बंद करायची काहीच गरज नाही. करायचं काय तर आठवड्यातून किमान दोनदा, प्रॅक्टिसच्या सुरुवातीलाच, १५ ते २० मिनिटांचा एका ठराविक पद्धतीचा वॉर्मअप, अख्ख्या टीमने, वर्षभर. बस. हे ऐकायला इतकं साधं वाटतं की लोकांना ते खरंच वाटत नाही, त्यांना काहीतरी मशीन, काहीतरी इंजेक्शन, निदान एखादा महागडा पट्टा तरी हवा असतो. मी स्पोर्ट्स फिजिओ आहे, शाळा-कॉलेजच्या टीम्सबरोबर बरीच वर्षं काम करतोय, आणि माझं स्पष्ट मत आहे की या विषयात ज्ञानाची टंचाई नाहीये, करून घेणाऱ्याची आहे.

आता सविस्तर.

एसीएल हे गुडघ्याच्या अगदी आत, मांडीच्या हाडापासून नडगीच्या हाडापर्यंत तिरकं गेलेलं लिगामेंट. लांबीला साधारण ३ सेंटिमीटर आणि जाडीला १ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे छोटंसंच. त्याचं काम दोन गोष्टींचं, नडगी पुढे सरकू द्यायची नाही आणि गुडघा पिळला जात असताना त्याला आवरायचं. गुडघ्यात अजून लिगामेंटं आहेत, आतल्या बाजूचं एमसीएल, बाहेरच्या बाजूचं एलसीएल, मागचं पीसीएल, आणि त्यातलं एमसीएल बाहेरून गुडघ्यावर कोणी येऊन आदळलं की दुखावतं, पण ते बहुतेक वेळा ऑपरेशनशिवाय बरं होतं. एसीएल पूर्ण तुटलं की ते सहसा आपलं आपण नीट जुळून येत नाही, त्यामुळे सगळी भीती त्याचीच. आणि भीती नुसती एका सीझनची नाही. स्वीडनमध्ये एसीएल तुटलेल्या महिला फुटबॉलपटूंना १२ वर्षांनी पुन्हा तपासलं तेव्हा त्यांचं सरासरी वय ३१ होतं आणि जवळपास निम्म्या जणींच्या एक्सरेत गुडघ्याची झीज दिसत होती. ऑपरेशन झालेल्यांमध्येसुद्धा. म्हणून मी पालकांना सांगतो की "तुटलं तर आजकाल दुर्बिणीने करतात की" हे वाक्य डोक्यातून काढून टाका, ऑपरेशन चांगलंच होतं, पण गुडघा मूळचा होता तसा राहत नाही.

बहुतेकांना वाटतं की एसीएल टक्कर होऊन तुटतं. दहातल्या साधारण सात केसेसमध्ये समोरच्याने गुडघ्याला हात, पाय काहीच लावलेला नसतो! खेळाडू स्वतःच उडीवरून उतरतो, किंवा जोरात पळताना थांबतो, किंवा एकदम दिशा बदलतो, आणि तिथेच बसतो. बास्केटबॉलमध्ये रिबाउंड घेऊन एका पायावर उतरताना, हँडबॉलमध्ये हूल देऊन घुसताना, फुटबॉलमध्ये तर बऱ्याचदा बचाव करणारा समोरच्याला प्रेस करायला धावत जातो आणि तो वळला म्हणून हाही वळतो तेव्हा. कबड्डीसारख्या खेळात पाय पकडलेला असताना शरीर फिरतं तो प्रकार वेगळा, तिथे वॉर्मअपने सगळंच टळेल असं मी म्हणणार नाही.

मॅचचे व्हिडिओ फ्रेम-फ्रेम करून बघणाऱ्यांनी एक गोष्ट दाखवून दिलीये की पाय जमिनीला टेकल्यापासून साधारण ४० मिलिसेकंदांत लिगामेंटचा निकाल लागलेला असतो. पापणी लवायला यापेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणजे "पाय चुकीचा पडतोय, सावर" असं मेंदूला कळून स्नायूंना ऑर्डर जाईपर्यंत सगळं संपलेलं असतं. त्यामुळे मैदानावर ओरडून "सांभाळून उतर गं" सांगण्याला काही अर्थ नाही, पाय टेकायच्या आधीच मांडीचे आणि कुल्ल्याचे स्नायू तयार असायला हवेत आणि ते विचार करून होत नाही, सवयीनेच होतं. अख्ख्या उत्तराचा गाभा हाच आहे. उतरणं, थांबणं आणि वळणं ही शिकवायची स्किल्स आहेत, ड्रिबलिंग शिकवतो तशीच, पण ती कोणी शिकवतच नाही कारण सगळे धरून चालतात की पळणं-उड्या मारणं पोरांना जन्मजात येतं.

तुटतानाचं चित्र बहुतेक वेळा सारखंच असतं. गुडघा जवळजवळ सरळ असतो, म्हणजे फार तर थोडासा वाकलेला, पाऊल शरीरापासून लांब बाहेर पडलेलं, धड त्याच बाजूला कललेलं, आणि गुडघा आतल्या बाजूला पडतो. गुडघा सरळ असताना मांडीच्या पुढच्या स्नायूचा जोर नडगीला पुढे ओढतो, नेमकं जे एसीएलला नको असतं ते. मागचे हॅमस्ट्रिंग नडगीला मागे धरतात, म्हणजे एसीएलचे मदतनीस, पण गुडघा पुरेसा वाकलेला असेल तरच त्यांची मदत नीट पोचते. म्हणून "वाकून उतर" यात एवढं सगळं भरलेलं आहे.

आता वयाचा मुद्दा, कारण ताईंची मुलगी बरोबर त्याच वयात आहे. मुलींची उंची सर्वात वेगाने साधारण १२ च्या आसपास वाढते, मुलांची १४ च्या आसपास. पाय लांब होतात, वजन वाढतं, शरीराचा तोल वर सरकतो आणि स्नायूंचा ताबा मागे राहतो, सायकल चालवणाऱ्याच्या हातात एकदम ट्रक दिल्यासारखं. मुलांमध्ये वयात येताना ताकद पण झपाट्याने वाढते त्यामुळे ते बऱ्यापैकी भरून निघतं, मुलींमध्ये ते तेवढं आपोआप होत नाही. फुटबॉल, बास्केटबॉलसारख्या एकाच खेळात मुलींचं एसीएल तुटायचं प्रमाण मुलांच्या दोन-तीन पट तरी असतं आणि १४ ते १८ हा त्यातला वाईट काळ. कारणं सांगताना लोक लगेच हार्मोन्स आणि कंबरेच्या रुंदीवर जातात, त्यात काही तथ्य असेलही, पण ते आपल्याला बदलता येत नाही. बदलता येतं ते हे की मुलींना ताकदीचे व्यायाम वेळेवर शिकवले जात नाहीत. मुलांना कोणीतरी जिमची वाट दाखवतं आणि मुलीला सांगतात वजनं उचलू नको, उंची खुंटेल. नीट देखरेखीखाली, टेक्निक शिकून केलेल्या वजनाच्या व्यायामाने उंची खुंटत नाही, हे एकदाचं डोक्यातून जाऊ द्या.

पुरावा काय म्हणाल तर या विषयात चांगला पुरावा आहे, खेळांच्या दुखापतींत इतका स्वच्छ पुरावा क्वचित मिळतो. स्वीडनमध्ये १२ ते १७ वयाच्या साडेचार हजारांहून जास्त फुटबॉल खेळणाऱ्या मुलींवर अभ्यास झाला, २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, अर्ध्या क्लब्जनी आठवड्यातून दोनदा १५ मिनिटांचा गुडघ्यावर ताबा शिकवणारा वॉर्मअप केला, बाकीच्यांनी नेहमीचं चालू ठेवलं, आणि वॉर्मअपवाल्यांमध्ये एसीएल तुटायचं प्रमाण ६४ टक्क्यांनी कमी निघालं. त्याआधी २००५ मध्ये नॉर्वेत हँडबॉल खेळणाऱ्या १५ ते १७ वयाच्या अठराशेवर मुलामुलींत गुडघ्या-घोट्याच्या अचानक होणाऱ्या दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या होत्या. फिफाचा ११ प्लस नावाचा वॉर्मअप बऱ्याच जणांनी ऐकला असेल, २० मिनिटांचा, त्यात १५ व्यायाम आहेत, तीन भाग आहेत, तो २००८ मध्ये नॉर्वेच्या मुलींवर तपासला तेव्हा गंभीर दुखापती साधारण निम्म्याने कमी झाल्या. असे सगळे अभ्यास एकत्र केले तर मुलींमध्ये टक्कर न होता तुटणारी एसीएल साधारण दोन तृतीयांशाने कमी होतात. पण यातली खोच बघा, स्वीडनच्या त्याच अभ्यासात ज्या मुलींनी नेमाने केलं त्यांना फायदा खूप जास्त झाला आणि ज्यांनी मनात आलं तेव्हा केलं त्यांना त्या मानाने फारच कमी. त्यामुळे "आमच्याकडे करतात की वॉर्मअप" असं कोणी म्हणालं की मी पहिलं विचारतो गेल्या आठवड्यात किती वेळा केला, आणि दुसरं विचारतो तेव्हा कोण बघत होतं.

कारण बघणारा नसेल तर तो वॉर्मअप पाच मिनिटांत उरकला जातो. पोरं गप्पा मारत दोन राउंड मारतात, खांदे फिरवतात, पाय ताणतात, झालं. नुसतं स्ट्रेचिंग करून एसीएल वाचत नाही, आवडत असेल तर करा, पण त्याला प्रिव्हेन्शन म्हणू नका.

मी उतरणं कसं शिकवतो ते जरा बारकाईने सांगतो, कारण कागदावरचं वाचून लोक इथेच फसतात. फूटभर उंचीचा भक्कम ठोकळा किंवा पायरी घ्यायची. मुलीला सांगायचं की उडी मारायची नाही, नुसतं पाऊल पुढे टाकून खाली यायचं, दोन्ही पाय एकदम टेकवायचे आणि उतरल्यावर पुतळ्यासारखं तीन सेकंद थांबायचं. मी समोर उकिडवा बसतो, किंवा मोबाइल गुडघ्याच्या उंचीवर ठेवून स्लो मोशनमध्ये शूट करतो. पहिल्या वेळी बहुतेकांचं काय दिसतं तर धप्प असा आवाज येतो, टाचा आपटतात, पाठ ताठ असते, आणि दोन्ही गुडघे एकमेकांकडे झुकून जवळजवळ चिकटतात आणि मग परत बाहेर येतात. हे सगळं इतक्या पटकन होतं की नुसत्या डोळ्याला सुटतं, पण स्लो मोशनमध्ये मुलीला स्वतःलाच दिसतं आणि ती म्हणते "अय्या, हे असं होतंय?" तो व्हिडिओ माझ्या दहा मिनिटांच्या लेक्चरपेक्षा जास्त काम करतो.

मग दुरुस्ती. इथे शब्द जपून वापरायचे. "ग्लूट्स आवळ, गुडघा बाहेर ढकल, कंबर मागे, छाती वर" असं एकदम सांगितलं की पोरगी लाकडासारखी होते. त्यापेक्षा एकच सूचना द्यायची, "आवाज न करता उतर." नव्वद टक्के काम यानेच होतं कारण आवाज न करता उतरायचं म्हटलं की आधी चवडा टेकतो, मग टाच, गुडघे आणि खुबे आपोआप वाकतात. गुडघे तरीही आत येत असतील तर दुसरी सूचना, "गुडघ्यांनी बुटाच्या लेसकडे बघ." एका वेळी एकच. आणि एक चुकीची समजूत इथेच मोडून काढतो, गुडघा पायाच्या बोटांच्या पुढे जाऊ द्यायचा नाही असं जे सगळीकडे सांगतात ते उतरताना कशाला? गुडघा थोडा पुढे गेला तर काही बिघडत नाही, आत पडला तर बिघडतं.

दोन पायांवर शांत उतरायला लागली की पुढे एका पायावर, आधी जागच्या जागी छोटी उडी आणि थांबणं, मग पुढे, मग बाजूला, मग अर्धा फेरा घेऊन. ते जमलं की हातात बॉल द्यायचा, कारण मॅचमध्ये नजर पायाकडे कधीच नसते, बॉलकडे असते नाहीतर समोरच्याकडे. मग उडीत असताना जोडीदाराने खांद्याला हलकासा धक्का द्यायचा. मग ऐन वेळी ओरडून दिशा सांगायची, डावीकडे, उजवीकडे. कित्येक टीम्स पहिल्याच पायरीवर सहा महिने काढतात आणि म्हणतात काही फरक पडत नाही. अरे पडणार कसा, स्टुलावरून शांतपणे उतरायची सवय झाली, मॅचमध्ये स्टूल कुठेय!

थांबायचं शिकवणं त्याहून दुर्लक्षित. फुल स्पीडला पळत येऊन शेवटी एक लांब पाय पुढे टाकून ब्रेक मारायचा ही मुलांची नैसर्गिक खोड असते, आणि त्या एका पायावर, सरळ गुडघ्यावर, सगळा भार येतो. त्यांना शेवटची तीन-चार पावलं छोटी-छोटी टाकायला आणि कंबर खाली न्यायला शिकवायचं. दहा मीटर पळा, रेषेवर थांबा, रेषेच्या पुढे बोट गेलं तर बाद, अशी शर्यत लावली की पोरं आनंदाने करतात. वळताना पण तेच, पाऊल फार लांब बाहेर टाकायचं नाही आणि धड जिकडे जायचंय तिकडे कललेलं हवं, रोवलेल्या पायावर लोंबकळत राहिलेलं नको.

ताकदीचं म्हणाल तर यादी लांब नाही. हॅमस्ट्रिंगसाठी नॉर्डिक, म्हणजे गुडघ्यावर बसायचं, जोडीदाराने मागून घोटे दाबून धरायचे आणि शरीर गुडघ्यापासून डोक्यापर्यंत एका रेषेत ठेवून जितकं हळू जमेल तितकं पुढे झुकत जायचं, आवरेनासं झालं की हात टेकायचे. सुरुवातीला तीन ते पाच वेळा पुरे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या मागून भयंकर दुखतात, म्हणून मॅचच्या आदल्या दिवशी पहिल्यांदा करायला लावू नका, नाहीतर पोरं त्या व्यायामाचं नावच टाकतील. बाकी साइड प्लँक (कुशीवर, एका कोपरावर शरीर सरळ उचलून धरणं), एका पायावरचे स्क्वॉट, लंजेस (एक पाय लांब पुढे टाकून खाली जाणं), एका पायावर पुलाचा व्यायाम (पाठीवर झोपून कंबर वर उचलणं), पोटऱ्यांसाठी टाचा उचलणं. १५-१६ च्या पुढे वजनं घेऊन स्क्वॉट आणि डेडलिफ्ट शिकवावेत असं माझं मत, शिकवणारा जाणकार असेल तर आधीही चालतं. पूर्वी तोल सांभाळायच्या फळ्यांचं फार प्रस्थ होतं, डुगडुगत्या फळीवर पोरं अर्धा अर्धा तास उभी. तो एक भाग म्हणून ठीक, पण नुसत्या तोलाच्या व्यायामावर थांबू नये, ताकद आणि उड्या त्यात हव्यातच.

नीकॅपचं परत सांगतो. तो ओढून घालायचा कापडी पट्टा गुडघ्याला ऊब देतो, थोडा धीर देतो, वाटीभोवती दुखत असेल तर बरं वाटतं. पण ४० मिलिसेकंदांत शरीराच्या वजनाच्या काही पट जोर येत असताना तो पट्टा काय अडवणार? कडेला धातूच्या पट्ट्या असलेले ब्रेस काही टीम्स वापरतात, ते अमेरिकन फुटबॉलसारख्या खेळात बाजूने येणाऱ्या धडकेसाठी आहेत आणि तिथेही एकमत नाहीये. धडधाकट मुलीला ते घालायचं कारण नाही. बुटांकडे मात्र बघा, जमिनीला जास्तच चिकटणारा सोल किंवा कृत्रिम गवतावर लांब-लांब स्टड्स असले की पाय रुततो आणि शरीर फिरतं, मैदानाला शोभतील असेच बूट हवेत.

टेस्टचं थोडं समजावून सांगतो. २००५ मध्ये अमेरिकेत २०५ मुलींचं उडीवरून उतरणं प्रयोगशाळेत मोजलं होतं, पुढे त्यातल्या ९ जणींचं एसीएल तुटलं आणि त्यांचे गुडघे आधीच्या मोजमापातही जास्त आत पडताना दिसले होते. सगळे खूश झाले की आता आधीच ओळखता येणार. नंतर नॉर्वेत सातशेहून जास्त खेळाडूंवर तसंच करून बघितलं तर तो अंदाज काही टिकला नाही, सुंदर उतरणाऱ्यांचीही तुटली आणि वाईट उतरणाऱ्या पुष्कळ जणी ठणठणीत राहिल्या. म्हणून कोणी तुम्हाला रिपोर्ट देऊन सांगितलं की तुमच्या मुलीला इतके टक्के धोका, तर तो कागद ठेवून द्या. टेस्ट मी पण घेतो, कुठे शिकवायचंय ते बघायला. व्यायाम सगळ्यांनीच करायचे, "माझी पास झाली, तिला नको" हे चालत नाही.

धोक्याची एक खूण मात्र पक्की आहे, आधी एकदा तुटलेलं असणं. ज्या मुलीचं ऑपरेशन झालंय तिच्याकडे टीमने खास लक्ष द्यायला हवं. २५ च्या आतल्या आणि पुन्हा खेळात उतरणाऱ्यांमध्ये साधारण चारातल्या एकाचं पुन्हा तुटतं, त्याच गुडघ्याचं नाहीतर दुसऱ्याचं. ऑपरेशननंतर नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरणाऱ्यांना धोका बराच जास्त, २०१६ च्या एका अभ्यासात तर नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितके महिने लांबवलं तितकं दर महिन्यामागे पुन्हा दुखापत व्हायचं प्रमाण साधारण निम्मं होत गेलं. त्यामुळे सहाव्या महिन्यात "पळतीये की छान, फायनलला घेऊ" म्हणणाऱ्या कोचशी मी भांडतो, आणि पालकांनीही भांडावं. नऊ महिने झाले म्हणजे लगेच परवानगी असंही नाही, ऑपरेशन झालेल्या पायाची ताकद दुसऱ्याच्या किमान ९० टक्के आली का, एका पायाची लांब उडी सारखी पडते का, आणि पोरीच्या मनातली भीती गेली का, हे सगळं बघायचं.

खेळाचा भार हा पालकांच्या हातातला भाग. वर्षातले आठ महिन्यांहून जास्त एकच खेळ, किंवा आठवड्याला वयाच्या आकड्यापेक्षा जास्त तास प्रॅक्टिस, म्हणजे १४ वर्षांच्या मुलीला १४ तासांच्या वर, असं असलं की अतिवापराच्या दुखापती वाढतात. एसीएलशी याचा थेट संबंध जोडणं अवघड आहे पण दमलेले पाय नीट उतरत नाहीत हे मैदानावर उभं राहिलं की दिसतंच. आणि झोप! खेळणाऱ्या शाळकरी मुलांच्या एका अभ्यासात आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना दुखापत व्हायची शक्यता १.७ पट निघाली होती. पहाटे पाचची प्रॅक्टिस आणि रात्री बारापर्यंत मोबाइल, यावर माझ्याकडे कुठलाच व्यायाम नाही. पोटभर खाणंही तितकंच, खेळणाऱ्या मुलीची पाळी काही महिने बंद झाली तर "खेळते म्हणून असेल" म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा, बऱ्याचदा खाणं कमी पडत असतं.

एवढं करूनही दुखापत होऊ शकते, शून्य कोणीच करू शकत नाही, त्यामुळे ओळखायचं कसं ते माहीत हवं. उतरताना किंवा वळताना गुडघ्यात कट्ट असा आवाज किंवा जाणीव, पुढे खेळता न येणं, आणि काही तासांतच गुडघा टम्म सुजणं, हे तिन्ही एकत्र असेल तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत एसीएलच समजायचं. खेळ लगेच थांबवा, "थोडं चालून बघ, मोकळं होईल" करू नका, कोणाकडून ओढून-चोळून घेऊ नका. लहान मुलांमध्ये कधीकधी लिगामेंट तुटायच्या ऐवजी ते जिथे चिकटतं तिथला हाडाचा तुकडाच निघतो, म्हणून एक्सरे लागतो. आणि सगळ्यात मोठा सापळा असा की दोन-तीन आठवड्यांत सूज उतरते, मुलगी चालायला लागते, जिने चढते, सगळ्यांना वाटतं बरं झालं. मग ती खेळायला जाते, गुडघा सटकतो, आणि त्या सटकण्यात आतल्या गाद्या म्हणजे मेनिस्कस फाटतात, मूळ दुखापतीपेक्षा ते नुकसान मोठं होऊन बसतं. त्यामुळे सूज उतरली तरी खेळाच्या दुखापती बघणाऱ्या डॉक्टरांकडून तपासून घेतल्याशिवाय मैदान नाही. ऑपरेशनची घाई मात्र सहसा नसते, आधी सूज घालवून गुडघा पूर्ण सरळ करून ताकद आणायची आणि मग निर्णय, अपवाद म्हणजे गुडघा अडकून सरळच होत नसेल किंवा हाड निघालं असेल तर.

आता ताईंनी उद्या काय करायचं. कोचना भेटा, पण "इंज्युरी प्रिव्हेन्शन" हा शब्द काढू नका, तो ऐकला की कोचना प्रॅक्टिसची वीस मिनिटं गेलेली दिसतात. त्यांना सांगा याने उडी आणि पळणं सुधारतं, जे खरंच आहे, आणि नेहमीच्या वॉर्मअपच्या जागीच करायचंय, वेगळा वेळ नको. दोन कॅप्टन मुलींना व्यवस्थित शिकवून पुढे उभं करा, कोच बघायला बाजूला. मॅचच्या दिवशी सगळं करायचं नाही, पळण्याचा आणि हलक्या उड्यांचा भाग तेवढा. धाकटं भावंड खेळत असेल तर ७ ते १३ वयासाठी ११ प्लस किड्स म्हणून वेगळा आहे, त्यात पडायचं कसं तेही शिकवतात, युरोपातल्या चार देशांत तपासला तेव्हा एकूण दुखापती जवळपास निम्म्या झाल्या.

कोच नाहीच म्हणाले तर घरी आठवड्यातून तीनदा, अनवाणी नको, बूट घालून. दोन पायांवर आवाज न करता उतरणं दहा वेळा, एका पायावर उडी मारून थांबणं प्रत्येकी आठ, एका पायावरचे स्क्वॉट प्रत्येकी आठ, लंजेस, साइड प्लँक दोन्ही बाजूंनी अर्धा मिनिट, आणि तुम्ही घोटे धरलेत तर नॉर्डिक पाच. हे सीझन सुरू व्हायच्या सहा-आठ आठवडे आधी चालू करा कारण सवय अंगात मुरायला तेवढा वेळ जातो, आणि सीझन चालू असताना बंद करू नका, सोडलं की फायदाही हळूहळू ओसरतो. सुरुवातीला मांड्या, कुल्ले भरून येतील ते चालतं. गुडघ्याच्या वाटीखाली किंवा भोवती दुखायला लागलं तर उड्या अर्ध्यावर आणायच्या, ताकदीचे व्यायाम चालू ठेवायचे, आणि दोन आठवड्यांत उतार पडला नाही तर फिजिओला दाखवायचं.